धुरपदामावशीनं मागितलेलं वाण

आमची धुरपदामावशी भांडकुदळ हाय असं सगळी डाळमिल म्हणती. साफ खोटं. भांडकुदळ बाई आवाज चढवती. मावशी आवाज खाली आणती, पदर सावरती, समोरच्याला "बसा की" म्हणती, आन् मग त्याची अशी काढती की घरी गेल्यावर त्याला कळावं आपली काढली ते.

एकदा एसटीत एक दांडगा गडी बायकांच्या जागेवर पाय पसरून झोपेचं सोंग घेऊन बसला होता. मावशीनं त्याला उठवलं न्हाय. त्याच्या कपाळाला हात लावला आन् कंडक्टरला हाक मारली, "अवो, ह्या लेकराला लई ताप हाय. दवाखान्यापाशी गाडी थांबवा. कोण सुई टोचणारं हाय का बघा!" सगळी गाडी भवती गोळा झाली. गडी जो टुणकन उभा ऱ्हायला, तो कळंब येईस्तोवर उभाच.

वय पंचावन्नच्या आसपास. नवरा जाऊन बारा वर्सं झाली, लेक बार्शीला दिली. कळंबजवळच्या खेड्यात एकटीच ऱ्हाती, आन् सतरा वर्सं झाली, विरुपाक्ष मालकाच्या डाळमिलमधी डाळ निवडती. म्या अयोध्या, तिच्या शेजारच्या सुपावर बसते. माझी सातच वर्सं झाली.

गेल्या दिवाळीनंतर मिलमधी रणधीर म्यानेजर आला. भांग सरळ, शर्टाला कडक इस्त्री, अक्कल मातर उसनी आणलेली. आल्या आल्या त्यानं काय शोध लावावा? तर म्हणं बायका संडासाचं नाव सांगून गप्पा हाणायला जात्यात. त्यानं संडासाला कुलूप ठोकलं, अर्ध्या जागेत रिकामी पोती कोंबली आन् चावी कमरेला अडकवली. दुपारी भाकरीच्या सुट्टीत अर्धा तास उघडणार, बाकी दिवस बंद. आमी तेवीस बायका, संडास एक, वेळ अर्धा तास. तुमीच करा भागाकार. भाकरी खावी का रांग धरावी?

मग आमी काय केलं? पाणीच सोडलं. सकाळी घरनं निघताना घोटभर प्यायचं, ते संध्याकाळपर्यंत पुरवायचं. तुरीच्या धुराळ्यानं घसा वाळून जायचा, पर माठाकडं बघायचं न्हाय. सांगायला लाज वाटती, पर आमाला कुलूप लावणाऱ्याला कुठं लाज वाटली?

पौषात आमच्यातली मैमुना सुपावरच कोसळली. थंडी वाजून ताप. डॉक्टर म्हणले, पाणी पीत न्हाईस, लघवी दाबून धरतीस, मूत्रपिंडाला सूज आलीय. आठ दिवस दवाखान्यात. मावशी तिला बघायला गेली, तर मैमुनाची लेक उझमा तिथं बसलेली. ती वकिलीचं शिकती. ती म्हणली, "खाला, बायकांसाठी वेगळा संडास ठेवणं ही मालकाची मेहेरबानी नाही, कायदा आहे. आणि त्यावरून कुणाला कामावरून काढलंच, तर लेखी कारण मागा. तोंडी काढलेलं मानू नका."

मावशीनं दुसऱ्या दिवशी रणधीरला चांगल्या शब्दांत इचारलं. तो मोबाईलमधनं मान वर न काढता म्हणला, "जमत नसेल तर घरी बसा." मावशीनं पदर सावरला आन् सुपावर येऊन बसली. म्या मनात म्हणलं, आता कुणाचं तरी काय खरं न्हाय.

तेवढ्यात संक्रांत आली. मालकाचा बंगला मिलच्या आवारातच हाय. मालकीण शिवप्रियावैनी मनानं वाईट न्हाय, पर हौस दांडगी. ह्या वर्सी तिनं गेटवर फोटोसकट बोर्ड लावला: सर्व भगिनींना हळदी-कुंकवाचं आग्रहाचं निमंत्रण, विधवा भगिनींनाही तोच मान, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत, सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा.

मावशीनं एकेका अक्षरावर बोट ठेवून बोर्ड वाचला. "सर्व भगिनी म्हंजी कोण गं, अयोध्या?"

"म्हंजी सगळ्या बायका, मावशी."

"मग आपुन बायकाच हाव न्हवं?"

झालं! ठीक अकराला मावशी सुपावरनं उठली. रणधीर धावत आला. "ए, कुठं चाललीस?"

"मालकिणीच्या हळदी-कुंकवाला. जाऊ नको म्हणता, साहेब? बरं, मग तसं वैनीला सांगून येते."

रणधीर बाजूला सरला. मालकिणीच्या हळदी-कुंकवाला निघालेल्या बाईला आडवणारा म्यानेजर आपल्या मराठवाड्यात अजून जन्माला यायचाय.

वैनीला तर आनंद मावंना. खरोखरची विधवा बाई आली म्हणून तिनं कुंकू लावताना फोटो काढून घेतले, तिळगूळ दिला, वाण म्हणून चाळणी दिली. मावशीनं चाळणी काखंत धरली आन् हळूच इचारलं, "वैनी, मोरी कुठं हाय?"

पंधरा मिनिटांनी परत आली ती तोंड उजळून. "अयोध्या, आतमधी निळ्या फरशा हाईत. गरम पाणी येतंय. वासाची बाटलीबी हाय. एक पांढरी खुर्ची हाय, तिच्यावर बसायचं का चढायचं ते मातर मला शेवटपर्यंत उमगलं न्हाय."

दुसऱ्या दिवसापासनं चार-चारच्या पाळ्या लागल्या. आदी कुंकू, मग तिळगूळ, मग मोरी. दुसऱ्यांदा जायची येळ आली की कपाळ पुसून जायचं. मैमुना बरी होऊन आली, तीबी निघाली. ती कुंकू घेत न्हाय. तिळगूळ तोंडात टाकायची आन् सरळ आत. म्हणायची, "अल्ला वैनीला लंबी उमर देवो, नळाला जोर लई हाय." आमी पोटभर पाणी प्याया लागलो. रणधीर आल्यापासनं पयल्यांदाच माठ दुपारी रिकामा व्हाया लागला.

धा दिवसांत वैनीच्या चाळण्या संपल्या, वाट्या संपल्या, मेणबत्त्या काढल्या. तवा कुठं रणधीरच्या टकुऱ्यात उजेड पडला. त्यानं मावशीला सगळ्यांदेखत बोलवलं. "तू बायकांना फितवतीस. उद्यापासून कामाला यायचं नाही."

"लेखी द्या," मावशी म्हणली. "कारण लिहा, सही करा."

रणधीर हसला. "तुला कसलं लेखी? तू इथं कामाला आहेस, ह्याचा तरी कागद आहे का तुझ्याकडं?"

न्हवता. सतरा वर्सांत तिच्या नावाचा चिटोरा न्हवता. आमच्यापैकी कुणाच्याच नावाचा न्हवता. मावशीच्या घरात दुसरं कमावणारं कोण न्हाय, नजर आता जवळची आन् लांबची दोन्ही अधू. दुसऱ्या कुठल्या मिलनं तिला दारात उभं केलं असतं? परतताना रिक्षात ती पदर तोंडाला लावून बसली होती. मला रणधीरचा असा राग आला, की तो रातभर माझ्या दातांत कचकच करत ऱ्हायला.

दुसरा दिवस रथसप्तमीचा, हळदी-कुंकवाचा शेवटचा. गेटवर महेबूबचाचा वाचमन. बिचारा कसनुसं तोंड करून म्हणला, "बाई, तुमाला आत सोडू नको म्हणलंय."

"म्या कुठं कामाला आले, चाचा? म्या पावणी हाय." मावशी बोर्डाकडं बोट दाखवून सरळ बंगल्यात शिरली. अकराला आमीबी सगळ्या पाठोपाठ गेलो. शेवटचा दिवस, आडवतंय कोण?

दिवाणखाना गावातल्या व्यापाऱ्यांच्या बायकांनी भरलेला. जरीच्या साड्या, अत्तराचा घमघमाट, उखाण्यांची चढाओढ. वैनीला आमाला बघून भरतं आलं. मावशीला काढल्याचं तिला कुठं ठावं होतं? शूटिंग करायला मोबाईल एकीच्या हातात देऊन म्हणली, "आज आमच्या धुरपदामावशी उखाणा घेणार!"

मावशी उठली. तिनं पदर सावरला, आवाज खाली आणला. म्या मैमुनाचा हात दाबला.

"हळद लावली, कुंकू लावलं, वर शिंपडलं अत्तर,
तेवीस बायकांच्या संडासाला कुलूप, शिवप्रियावैनी, द्या उत्तर!"

मग एका जाड पाटल्यावालीनं इचारलं, "कसलं गं बाई कुलूप?" मावशीनं सांगितलं. अर्धा तास, तेवीस बायका, कोरडा घसा, मैमुनाचे आठ दिवस, कालचं तोंडी काढणं. आवाज न चढवता, एकेक. मोबाईल तेवढा चालूच होता.

वैनीचं तोंड लालबुंद झालं. "मला खरंच माहीत नव्हतं, मावशी," म्हणली आन् गडबडीनं वाणाची ताटली पुढं केली.

मावशीनं हात मागं घेतला. "वाण बदलून द्या, वैनी. मला ते कुलूप पायजे."

आता घरी आलेल्या बाईला वाण न्हाय म्हणायचं, आन् तेबी एवढ्या बायकांसमोर? वैनी तशीच अनवाणी निघाली. मागनं जरीच्या साड्या, त्यांच्या मागनं आमी. रणधीरनं चावी काढली, कुलूप उघडलं, आन् वैनी म्हणली, "पोतीसुद्धा तुम्हीच बाहेर काढा." इस्त्रीचा शर्ट घालून त्यानं साठ पोती वाहिली. डोस्क्यावर तागाची कुसळं, नाकात धुराळा. आमी मदतीला गेलो न्हाय. बघायलाच लई काम होतं.

संध्याकाळी विरुपाक्ष मालक स्वतः आले. "मावशी, झालं गेलं विसरा. उद्यापासून या कामाला."

"लेखी द्या, मालक."

"अहो, तुम्हाला काढलं तरी कुठं लेखी होतं?"

"मग म्या गेलेच न्हाय म्हणायचं. मग म्या सतरा वर्सं हितं हाय, तेवढंच लिहा."

मालकांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. वैनी दारात उभी होती, हाताची घडी घालून. मालकांनी मिलच्या छापील कागदावर लिहून दिलं: नाव, काम, कोणत्या सालापासून, सही, शिक्का. मावशीनं तो कागद माझ्याकडनं तीनदा वाचून घेतला. सतरा वर्सं झिजलेली बाई, आन् ती हितं होती हे त्या दिवशी कुणीतरी पयल्यांदा कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी येळेवर सुपावर बसली. आमी बाकीच्या, बिनकागदाच्या बावीसजणी बसलो न्हाय. रणधीरच्या टेबलापुढं वळीनं उभ्या ऱ्हायलो. तो दचकून म्हणला, "आता काय पाहिजे?"

पयला नंबर माझा होता.

"साहेब," म्या म्हणलं, "आमालाबी कामावरनं काढा की."