पेर्सिओकाकांचा पंखा

आमच्या सान्तियागोत जुनी गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा, तुझा पंखा कसा चालू होतो. तो डॅशबोर्डवरच्या एका बटणाकडे बोट दाखवेल. कारखान्यातून गाडी येते तेव्हा रेडिएटरला खालच्या बाजूला एक सेन्सर असतो. पाणी तापलं की तो आपणहून पंखा चालू करतो. इथे त्याच्यावर कुणाचा भरवसा नाही. पहिल्याच बिघाडाला मिस्त्री तो काढून फेकतो, पंख्याची वायर बटणाला जोडतो आणि मालकाला सांगतो, तापमानाची सुई अर्ध्यावर आली की दाब. असे दोन-अडीचशे सेन्सर मी स्वतः फेकले असतील. पेर्सिओकाकांच्या गाडीचाही मीच फेकला होता, एकोणीस वर्षांपूर्वी.

काका आमच्या मार्गावरच्या शेअर टॅक्सीचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. चौतीस वर्षं त्यांनी पुढे दोन आणि मागे चार अशी सहा माणसं कोंबून गुराबो ते ओस्पेदाहे बाजार अशा फेऱ्या मारल्या, त्यातली एकोणीस या जपानी गाडीवर. अंगात रोज इस्त्रीचा शर्ट, खिशात कंगवा, खांद्यावर टॉवेल. हॉर्न वाजवायची त्यांना लाज वाटायची. गाडी भरल्याशिवाय जागचे हलायचे नाहीत, पण गरोदर बाई बसली की तीन माणसांवरसुद्धा निघायचे. कुणी कुरकुरलं तर म्हणायचे, "तुझी आई बसली होती तेव्हाही असाच निघालो होतो. तेव्हा तू तक्रार केली नाहीस." कौतुकाच्या बाबतीत मात्र पक्के कंजूष. मी त्यांच्या गाडीचं काय काय केलं असेल, पण त्यांच्या तोंडून 'बरं झालं' याच्या पुढचा शब्द कधी ऐकला नाही.

मार्चमध्ये एका दुपारी ते आले तेव्हा बॉनेटमधून वाफ निघत होती.

"पंखा मेला," काका म्हणाले.

मी बॅटरीवरून दोन वायरी थेट पंख्याला लावल्या. गरकन फिरला.

"मेलेला असा फिरतो होय?"

"मग बटणापासून पंख्यापर्यंत मध्येच कुठेतरी मरत असेल. ते शोधायचं काम तुझं. मला काय विचारतोस?"

फ्यूज शाबूत होता. रिले जुना होता म्हणून बदलला. बॉडीला कसलेली अर्थिंगची तार गंजली होती, ती घासून परत आवळली. मग बटण दाबून रेडिएटरच्या पुढे वर्तमानपत्राचा कागद धरला. तो जाळीला चिकटून बसला, म्हणजे पंखा हवा आत ओढत होता, अगदी पाहिजे तशी. "बरं झालं," म्हणून काका गेले.

नऊ दिवसांनी पुन्हा वाफ. या वेळी मोटर खोलली. आतले कार्बन झिजले होते, ते नवे घातले. अर्धा तास पंखा चालवून बघितला, एकदाही अडखळला नाही. पुढच्याच आठवड्यात काका तिसऱ्यांदा दारात उभे, आणि या वेळी टॉवेलने हात गुंडाळलेला. रेडिएटरचं झाकण उघडताना भाजून घेतलं होतं.

माझं डोकं फिरलं. बिघाड मला सापडत नाही म्हणजे काय? दुकान बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन उन्हात, काकांच्या शेजारी जाऊन बसलो. माझ्या मांडीला मांडी लावून नेरेइदाबाई बसल्या होत्या. त्या बाजारापलीकडच्या शाळेत शिकवतात आणि गेली कित्येक वर्षं याच गाडीने जातात.

बाजाराजवळ नेहमीसारखी कोंडी. केळ्यांचा ट्रक आडवा, मोटरसायकली दोन्ही बाजूंनी घुसलेल्या. काका रंगात येऊन एका लग्नाची गोष्ट सांगत होते. सुई अर्ध्यावर आली. मी गप्प. अर्ध्याच्या वर गेली. मला वाटलं, आता दाबतील. काकांनी सुईकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि गोष्ट पुढे चालू ठेवली. सुई लाल रेघेला टेकली तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि वायपर चालू केले. कोरड्या काचेवर वायपर करकरू लागले.

मागच्या सीटवर कुणीतरी हसलं. नेरेइदाबाई हसल्या नाहीत. मी हात लांब करून पंख्याचं बटण दाबलं. पंखा घुमला, सुई हळूहळू खाली आली.

"बघ," काका म्हणाले, "तू शेजारी बसलास की बरोबर चालतो. लबाड आहे."

मला इतकी भीती आजवर कुठल्याच गाडीत वाटली नव्हती.

त्या रविवारी काकांच्या बायको, एर्सिलियाकाकू, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत इथे सगळे करतात ती राजम्याची गोड खीर घेऊन दुकानात आल्या. वाडगा टेबलावर ठेवला आणि हात मात्र वाडग्यावरच ठेवून उभ्या राहिल्या.

"तू बसला होतास म्हणे गाडीत."

"हो."

"मग कळलंच असेल तुला."

"कधीपासून, काकू?"

"नाताळापासून. दोनदा कॉफीत मीठ घातलं. एकदा अंघोळ करून बाहेर आले आणि परत अंघोळीला गेले." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "राडामेस, मार्गाच्या ड्रायव्हर संघटनेला कळलं तर उद्याच गाडी काढून घेतील रे. तो माणूस घरात बसला तर महिनाभर जगायचा नाही. गाडी तापते एवढंच लोकांना दिसतंय. तेवढं तू थांबव."

नाही म्हणायला जीभ वळली नाही. खरं सांगायचं तर वळवलीच नाही. मोडीत निघालेल्या गाड्यांच्या तीन अड्ड्यांवर जाऊन एक चालू सेन्सर शोधून आणला, उकळत्या पाण्याच्या भांड्यात बुडवून तपासला आणि काकांच्या रेडिएटरला बसवला. पाणी तापलं की पंखा आपणहून सुरू, निवलं की बंद. डॅशबोर्डवरचं बटण तसंच ठेवलं, फक्त त्याच्या मागची वायर काढून टाकली. काकांनी दाबलं तरी ठीक, विसरले तरी ठीक. माझ्या हुशारीवर मी फार खूश होतो. खीरही सगळी संपवली.

एप्रिल गेला, मे गेला, गाडी एकदाही तापली नाही. काका समोरून जाताना हात करायचे आणि मीही करायचो. आत कुठेतरी टोचत असायचं, पण हातात काम असलं की माणसाला टोचणीकडे बघायला वेळ मिळत नाही.

जूनमध्ये एका मंगळवारी नेरेइदाबाईंचा फोन आला. बाई फार हळू बोलत होत्या. बाजाराचं वळण आलं तरी काका वळले नाहीत. लोकांना आधी गंमत वाटली, मग सगळे ओरडायला लागले. काका शांतपणे म्हणाले, "दोन मिनिटं आईला भेटतो आणि लगेच फिरतो." आणि मोकाच्या रस्त्याला लागले. त्यांची आई त्याच रस्त्यावरच्या लिसेई गावात राहायची. तिला जाऊन तीस वर्षं झाली. शेवटी बाईंनीच तोंडावर हात धरला आणि म्हणाल्या, "काका, मला मळमळतंय हो." तेव्हा काकांनी तत्काळ, अगदी जपून, गाडी कडेला घेतली.

मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून मी लिसेईकडे निघालो आणि वाटेत मला सगळं स्वच्छ दिसलं. उकळणारी गाडी त्या माणसाला दर वेळी कोंडीतच, चार ओळखीच्या माणसांत थांबवत होती. ते थांबणं मी दुरुस्त करून टाकलं होतं. गाडीत सहा जीव होते. माझी मलाच लाज वाटली.

आंब्याच्या सावलीत गाडी उभी होती. बाकीचे प्रवासी बसने परत गेले होते, नेरेइदाबाई एकट्या थांबल्या होत्या. काका भानावर आले होते. शर्ट घामाने चिंब, एक हात बॉनेटवर.

"हात लावून बघ," ते मला म्हणाले. "इथपर्यंत आली, पण कुठे तापली नाही. झकास काम केलंस, मिस्त्री."

इतक्या वर्षांत त्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक. मला ते घेववेना.

"काका, बिघाड पंख्यात नव्हताच."

त्यांनी टॉवेलने मान पुसली, मग परत पुसली.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "त्या बटणामागे वायर नाही, तेही ठाऊक आहे. पंखा ऐकू येतो मला, मी बहिरा नाही झालेलो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू गाडी खोलत होतास तोपर्यंत बिघाड गाडीतच होता ना रे. म्हटलं, खोलू दे याला."

मला रडू आलं. मी तोंड फिरवलं नाही, त्यांनी पाहिलं तर पाहिलं. म्हटलं, "माझं चुकलं, काका. त्याच दिवशी तुमच्याशी बोलायला हवं होतं."

"तू बोलला असतास तर मी पाना फेकून मारला असता," काका म्हणाले. मग खिशातून किल्ली काढली आणि न बघता माझ्या हातात दिली. "चल. बाईंची शाळा बुडाली."

नेरेइदाबाई मागे बसल्या. काका शेजारच्या सीटवर बसले. पाय कुठे ठेवायचे ते त्यांना समजेना, ब्रेक माझ्याकडे होता, तरी ते आपल्या पायाने रिकामी जागाच दाबत राहिले. दोन्ही हात मात्र मांडीवर घट्ट ठेवले होते. मोकाच्या रस्त्यावरून मी सावकाश गाडी आणली.

शहराच्या तोंडाशी एका म्हाताऱ्या बाईने हात केला. मी थांबलो. तिने वाकून आत पाहिलं, ओळखीचा माणूस दिसला आणि बुचकळ्यात पडली.

"हे काय हो पेर्सिओ, आज तुम्ही या बाजूच्या सीटवर कसे?"

मी काहीतरी थाप मारणार होतो. बरं वाटत नाहीये, हाताला लागलंय, असलं काहीतरी. काकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला गप्प केलं.

"मी विसरायला लागलोय, बाई," ते तिला म्हणाले. "म्हणून आता हा चालवतोय. बसा मागे, जागा आहे."