आईची शिट्टी

बारामतीच्या चौकात पोलिसाची शिट्टी वाजली, की पन्नाशीतही मी पाय जुळवून ताठ उभा राहतो. मागचा माणूस येऊन आदळतो. त्याला काय माहीत, माझी आई निरवांगीच्या शाळेत बाई होती!

गावात कुणाचंही लग्न असो, ती आपणहून पंगत वाढायला जायची, गळ्यात शाळेची शिट्टी तशीच. एकदा जिलेबी आली आणि मांडवात ढकलाढकली सुरू झाली. आमटीचं पातेलं कलंडणार, तोच आईनं शिट्टी फुंकली. अख्खा मांडव उंचीप्रमाणं रांगेत! मिशा पिळणारे बाप्येसुद्धा, कारण सगळे तिच्याच हाताखालून गेलेले. मुंडावळ्या सावरत नवरदेवही आला.

“बाई, म्या नवरदेव हाय,” तो पुटपुटला.

“मग? बुटका आहेस, पुढं हो!”

मी लाजेनं खांबाआड लपलो, तर कान धरून मलाही उभं केलं. वर गुपचूप एक जिलेबी जास्त वाढली.

परवा तिच्या दहाव्याला नदीवर तीच माणसं जमली. शिट्टी माझ्या खिशात होती, पण वाजवायची छाती झाली नाही. मान वर केली, तर सगळे उंचीप्रमाणं उभे. नवरदेव सर्वांत पुढं, आता टक्कल पडलेला.

पिंडाला कावळाही लगेच शिवला. तोही बाईंच्याच वर्गातला असणार.