घटापुढचं जांभळं फूल

कुसगावच्या कस्तुराबाईला फुलांचं भारी वेड, पण स्वतःच्या केसांत तिनं कधी एक फूल माळलं नाही. गवसेल ते देवीला. बंगल्यांवर दूध घालायला गेली की येताना तिचा ओचा भरलेला असायचा. कुंपणाबाहेर झुकलेली जास्वंद, कुणाच्या दारची तगर. राखणदार थट्टा करायचे, "मावशी, दुधापेक्षा तुमचा फुलांचाच धंदा मोठा." ती म्हणायची, "धंदा न्हाई बाबा, देवीचा रतीब हाय त्यो."

गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर तिला एका बंगल्याच्या फाटकाबाहेर हिरवा ढीग दिसला. मालकांनी अंगणातलं शोभेचं तळं बुजवायला काढलं होतं आणि माळ्यानं त्यातली झाडं बाहेर ओतली होती. फुगीर देठ, तेल लावल्यासारखी पानं, मधोमध जांभळ्या फुलांचा तुरा. वरच्या पाकळीवर मोरपिसातला डोळाच जणू. असं फूल आणि रस्त्यावर? तिनं मूठभर रोपं मुळांसकट उचलून रिकाम्या किटलीत घातली.

घटापुढं पितळी परातीत पाणी ओतून तिनं ती मांडली. झेंडू सुकला, शेवंती मान टाकून बसली, पण हे फूल दसऱ्यापर्यंत टवटवीत. एक तुरा मिटला की दुसरा उभा. गावातल्या बाया बघायला लोटल्या. "देवीला मानवलं गं बाई," म्हणून हात जोडून गेल्या. लोहगडवाडीला दिलेली लेक पिंकी माहेरी आली होती, तिनं जाताना दोन रोपं मागितली. देवीपुढचं कुणी मागितलं तर नाही म्हणता येत नाही. राहिलेली कस्तुराबाईनं दसऱ्याला निर्माल्याबरोबर गावतळ्यात सोडली. देवीपुढं बसलेली वस्तू पायदळी येऊ नये, उकिरड्यावर पडू नये, पाण्यातच जावी, ही तिच्या सासूची शिकवण. त्यात तिचं काय चुकलं?

संक्रांतीला तळ्याच्या कडेनं लुगड्याच्या काठासारखी हिरवी किनार दिसायला लागली. होळीपर्यंत काठाचा पदर झाला आणि अक्षय्य तृतीयेला सगळं लुगडंच पाण्यावर अंथरलेलं. हौशीराम, तिचा नवरा, हसायचा, "तुज्या देवीनं बंगलेवाल्यांवानी लॉन केलंय गं." हसता हसता नाक मात्र दाबायचा, कारण त्या हिरवळीखालच्या पाण्याला आता घाण वास येत होता. बेडूक ओरडेनासे झाले होते. खंड्या पक्षी तारेवर बसून खाली बघायचा आणि उडून जायचा.

जेठाच्या उन्हात एका दुपारी त्यांची गाभण म्हैस, कपाळावर पांढरा टिळा असलेली चांदरी, रोजच्या सवयीनं पाण्यात बसायला गेली. तिला पाणी दिसलंच नाही, कुरण दिसलं. चरत चरत ती आत शिरली. हौशीराम काठावरून हाका मारत राहिला. पायाखाली गाळ आणि अंगाभोवती मुळांचा गुंता, जेवढे हिसके देई तेवढी ती जास्त आवळली जाई. गडीमाणसं दोर घेऊन पोचली तेव्हा नुसती शिंगं वर होती. मग तीही गेली, आणि हिरवळ वरून पुन्हा जुळली, काही घडलंच नाही अशी.

हौशीराम त्यानंतर तळ्याकडं पाठ करून बसायला लागला.

ग्रामपंचायतीतल्या आदिनाथनं मोबाईलवर बघून सांगितलं, "मावशी, ही जलपर्णी. आपल्याकडची न्हवंच. सातासमुद्रापलीकडच्या नदीतली. जगभर फिरली ती स्वतःच्या पायानं न्हाई, जिथं गेली तिथं कुणीतरी फूल बघून हौसेनं नेली. मग नद्याच्या नद्या झाकल्या. पंधरवड्यात एकाची दोन होतात."

"हितं मी आणली," कस्तुराबाई म्हणाली.

आदिनाथ हसला. "मूठभर रोपांनी एवढं व्हतंय व्हय? सगळं आपल्याच अंगावर घेता तुमी."

तिनं पारावर सांगितलं, भजनाला जमलेल्या बायांना सांगितलं. कुणी मनावर घेतलं नाही. देवीचं फूल असं करील होय? उलट दोघीतिघी परत तळ्याकडं जाऊन भावाकडं न्यायला म्हणून रोपं काढताना तिनं पाहिल्या. ती आडवी गेली तर एक म्हणाली, "देवी काय तुमच्या एकटीची हाय का, आक्का?"

यंदा पहिल्या माळेलाच पिंकीचा फोन आला. आवाजात कौतुक मावत नव्हतं.

"आई, तुजं फूल हितं लय वाढलंय. आमच्या सासूबाईंनी यंदा घटापुढं ठेवलंय. दसऱ्याला टाक्यात सोडणार, तुज्यासारखंच."

लोहगडवाडीचं ते कातळातलं टाकं कस्तुराबाईनं पाहिलं होतं. माघ सरला की वाडीवरच्या बाया त्याच पाण्यावर दिवस काढतात. पिंकीचा हंडाही तिथलाच.

"पिंके, टाक्यात सोडू नको. आत्ताच्या आत्ता उचलून उन्हात टाक."

"सासूबाईंना कोण सांगणार? घटापुढचं हाय ते."

आयुष्यात पहिल्यांदा कस्तुराबाई आपला बसवलेला घट सोडून निघाली. दिवा आणि माळ सुनेवर, स्नेहलवर सोपवली. "तेल कमी पडू देऊ नको," एवढंच म्हणाली. लोणावळ्याहून मळवलीपर्यंत लोकल, पुढं भाजे गावावरून आडवाटेनं चढ.

विहीणबाईंनी दारातच विचारलं, "अवो, ऐन नवरात्रात? तुमची देवी कुणाच्या भरवशावर?"

कस्तुराबाईनं सगळं सांगितलं. म्हशीचंही सांगितलं. विहीणबाई ऐकून घेत होत्या, पण हात तिकडं माळ ओवत होता.

"म्हस गाळात रुतली, त्याला फूल काय करील? आनि घट बसला की हलवायचा न्हाई, हे तुमाला मी सांगायचं का?"

घट हलवत नाहीत, हे खरंच होतं.

"मग मी दसऱ्यापातुर हितंच राहते," ती म्हणाली.

"ऱ्हावा की. लेकीच्या घरी पाणीबी पिऊ नये म्हणनाऱ्या तुमीच ना त्या?"

"उपास हाय माजा. तुमच्या चुलीला माजा भार न्हाई."

अशी ती राहिली. रोज सकाळी घटाला हात जोडायची आणि डोळे उघडले की आधी परातीकडं बघायची. देवीपुढं बसून फुलावर पाळत ठेवावी लागते, याची तिला शरम वाटे. रोप तिथंही गप्प नव्हतं. परातीच्या काठावरून त्यानं एक कोवळा फुटवा बाहेर टाकला होता, बोट पुढं करावं तसा. दुपारी ती टाक्यावर जायची. पाणी निवळशंख, तळाचा दगडन् दगड दिसे. ती ओंजळीत घेऊन बघायची आणि पुन्हा घरी येऊन परातीपाशी बसायची.

जावई सत्यम सकाळीच गडाच्या वाटेवरच्या टपरीवर जाई तो अंधार पडताना येई. जावयाशी तोंड वर करून बोलायची तिच्यात रीत नव्हती. डोक्यावरचा पदर पुढं ओढून "जेवलात का?" एवढंच ती विचारी. सासू घटासाठी आली आहे, इतकंच त्याला माहीत.

दसऱ्याला घट उठला. विहीणबाईंनी परातीला हात घालायच्या आत कस्तुराबाईनं ती उचलली आणि पत्र्यावर नेऊन उन्हात पालथी केली.

"अवं, देवीचं निर्माल्य हाय. कुरडया वाळत घालताय का?"

"पाप लागलं तर माज्या खात्यावर घ्या, विहीणबाई," ती म्हणाली, आणि तिथंच बसून राहिली. संध्याकाळपर्यंत ते फुगीर देठ चिंधीसारखे लोळले. तिनं ते आंब्याच्या मुळाशी खोल पुरले, वर हळदकुंकू वाहिलं, देवीची माफी मागितली. त्या रात्री कितीतरी महिन्यांनी तिला गाढ झोप लागली.

सकाळी पिंकी तिला खाली सोडायला निघाली. येताना कस्तुराबाई आडवाटेनं चढली होती, आता दोघी गडाच्या वाटेनं निघाल्या, तिथंच सत्यमची टपरी. सरबत, मक्याची कणसं, कांदाभजीचा घाणा. आणि फळीवर, कापलेल्या पाण्याच्या बाटल्यांच्या बुडख्यात, ओळीनं उभे जांभळे तुरे.

कस्तुराबाईचा पाय तिथंच थबकला. टपरीमागं निळं पिंप होतं, काठोकाठ हिरवंगार.

"ह्ये लय चालतंय, मामी," सत्यम कौतुकानं म्हणाला. "भजी घेतली की एक बाटली फुकट. पोरीबाळी लय खूश. फोटो काढतात, घरी नेतात. पुन्याच्या, नाशिकच्या, परवा तर हैदराबादचा ग्रुप होता. पिंकीनं दोनच रोपं दिलती, आता कितीबी वाटा, सरतच न्हाई."

बोलायचं खूप होतं. चांदरीचं, तळ्याचं, आदिनाथनं सांगितलं त्याचं. पण समोर जावई, आणि आजूबाजूला चार गिऱ्हाइकं. जावयाचा अपमान नको, म्हणून तिनं पदर सावरून लेकीकडं बघत म्हटलं, "पिंके, जावईबापूंना म्हणावं, ते पिंप हितं नको. आजच रिकामं करा."

"एवढंच ना?" सत्यम हसला. "इतक्या दिवसांत मामींनी पहिल्यांदा कायतरी मागितलं. न्हाई कसं म्हनू?"

त्यानं बाह्या सारल्या, पिंपाला खांदा लावला आणि ते टपरीमागच्या उताराकडं कलतं केलं. खाली ओहोळ होता. पाऊस नुकताच सरलेला, पाणी अजून खळाळत होतं. हिरवा लगदा धप्पकन त्यात पडला, सुटा झाला, आणि एकेक रोप सरळ उभं राहून, तुरा वर धरून, वाहायला लागलं.

"घ्या मामी. झालं रिकामं."

कस्तुराबाई चपला तिथंच टाकून ओहोळाच्या कडेनं धावत सुटली. मागून पिंकी ओरडत होती, "आई, पडशील." हाताला लागतील ती रोपं ती ओढून खडकावर भिरकावत होती, पण दोन काढावीत तर पाच पुढं निघत. दरीच्या तळाशी पवना धरणाचं पाणी उन्हात पांढरं चमकत होतं. वळणावर ओहोळ कड्यावरून खाली उडी घेत होता, आणि तिथून पुढं माणसाच्या पायाला वाट नव्हती.