मावसबहिणीची नाडी

माझ्या मावसबहिणीच्या मनगटावर मी जितक्या वेळा बोटं ठेवली, तितक्या वेळा तिच्या नवऱ्यानंही ठेवली नसतील. ती दुपारची झोपलेली असताना, विहिरीवरून आल्यावर, जेवून उठल्यावर. प्रेमानं नव्हे. मला तिचा हेवा वाटायचा, आणि नाडी कशी मोजायची हे एका डॉक्टरीणबाईंनी आम्हाला नुकतंच शिकवून ठेवलं होतं.

ही गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडी आधीची. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी, आणि माझे वडील तिथल्या सरकारी कचेरीत कारकून. आम्ही इतवारीत राहायचो, भांडेबाजाराच्या मागच्या गल्लीत. सकाळपासून पितळेवर हातोडे पडायचे, त्यामुळे आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलत. मावशी उमरेडला दिलेली. तिकडे मुलींना पुढं शिकायची सोय नव्हती, म्हणून तिनं आपली मुलगी आमच्याकडे पाठवली. माझ्याच वयाची, माझ्याच वर्गातली. आठवडाभरात ती घरची झाली आणि मी पाहुणी. ती पहाटे उठून घरचं सगळं पाणी विहिरीवरून शेंदायची, दोन घागरी घेऊन ताठ मानेनं जिना चढायची आणि वर आल्यावर धापही टाकायची नाही. आई मला उठवताना तिचंच नाव घ्यायची.

"पाह्य तिच्याकडं! घरभर पाणी भरून झालं तिचं. अन् तू अजून लोळूनच राहिली!"

मी लोळून राहिले होते हे खरं. पण रोज कुणाशी तरी ताडून बघितलं की उठायची इच्छाही मरते, हे आईला कोण सांगणार?

आमच्या शाळेत मुलींची कवायत त्याच सुमारास सुरू झाली. शिकवायला पलटणीतून निवृत्त झालेले एक हवालदार यायचे. त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीला एक शिट्टी असायची. त्यांनी ती फुंकली की चाळीस तोंडं एकदम बंद व्हायची आणि सगळ्या मुली जिथल्या तिथं थांबायच्या. आमच्या घरात मी बोलायला लागले की कुणी ना कुणी मध्येच तोडायचं. त्यामुळे त्या शिट्टीवर माझा जीव जडला. मला लेझीम नको होती, संचलनात पुढचा मान नको होता. मला ती शिट्टी हवी होती.

आणि ती मिळायचा रस्ताही निघाला. हवालदारांचं वय झालं होतं. मॅट्रिकच्या, म्हणजे आमच्याच वर्गातली एक मुलगी वऱ्हाडातल्या एका व्यायामशाळेत शिकायला पाठवायची आणि परत आली की तिलाच कवायतीची बाई नेमायची, असं शाळेच्या मंडळानं ठरवलं. खर्च शाळेचा. फक्त काही पालकांनी कुरकुर सुरू केली होती की कवायतीनं पोरींचं काळीज कमजोर होतं, पुढं संसाराला त्या निकामी ठरतात. मंडळावर पुण्याकडच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्या म्हणाल्या, भांडत काय बसायचं, मोजून बघू. ज्या मुलीचं शरीर कवायतीला सगळ्यांत चांगलं उत्तर देईल, तिलाच पाठवू.

ठरल्या दिवशी बाई आल्या. गळ्यात कानाला लावायची तपासणीची नळी, हातात सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ. पटांगणात एक बाक ठेवला होता. आधी बसवून नाडी मोजायची, मग त्या बाकावर चढ-उतार करायला लावायचं, थांबल्याबरोबर पुन्हा मोजायची आणि जरा वेळ गप्प बसवून तिसऱ्यांदा. बाई आकडा मोठ्यानं सांगायच्या आणि हवालदार लिहून घ्यायचे.

मी त्या बाकावर तुटून पडले. इतर जणी जपून पाय टाकत होत्या, मी दणादणा चढत होते. थांबले तेव्हा छाती अशी धडधडत होती की मला वाटलं, ही नळी लावायची काही गरजच नाही. बाईंनी आकडा सांगितला. वर्गात सगळ्यांत मोठा! विश्रांतीनंतरही माझाच सगळ्यांत मोठा. मावसबहिणीचा आकडा ऐकला आणि मला तिची जवळजवळ दयाच आली. सगळ्यांत खाली. वर्गात गणितात जी नापास व्हायची, तिच्याही खाली.

जन्मभर शाळेत आकडे ऐकत आलेल्या मुलींना मोठा आकडा म्हणजे पहिला नंबर, यापलीकडे काही सुचणं शक्यच नव्हतं. मैत्रिणींनी मला मिठ्या मारल्या. हवालदारांनीही पाठ थोपटली. त्यांना तरी कुठं ठाऊक होतं? घरी आईनं त्याच संध्याकाळी टेकडीच्या गणपतीला नारळ फोडला आणि गल्लीत साखर वाटली. भांडेवाल्याच्या बायकोनं विचारलं तेव्हा आई अभिमानानं म्हणाली, "माह्या पोरीचं काळीज समद्याईपेक्षा जास्त चालते, डॉक्टरीणच म्हणे!" मावसबहीण माझ्या शेजारी उभी राहून साखर खात होती. तिनंही मनापासून खाल्ली. त्या संध्याकाळी मला ती पहिल्यांदाच आवडली होती.

पुढच्या आठवड्यात बाई वर्गावर आल्या आणि फळ्यावर हृदयाचं चित्र काढून समजावू लागल्या. तेच काम जे हृदय थोडक्या ठोक्यांत करतं ते तयारीचं. आणि श्रम थांबल्यावर जे लवकर शांत होतं, ते सगळ्यांत तयारीचं. मग त्यांनी मावसबहिणीला उभं केलं. "हिच्याकडे बघा. विहिरीचं पाणी आणि जिना, एवढ्या व्यायामावर हिचं हृदय किती शिकलं आहे." माझ्याकडे बघून त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या. "तुला बरीच मेहनत करावी लागेल हं."

खाल्लेली साखर परत मागता आली असती तर मी गल्लीत दारोदार फिरले असते. आईनं दोन दिवस भांडेवाल्याच्या बायकोला तोंड दाखवलं नाही आणि त्याचा राग अर्थात माझ्यावर काढला. मावसबहीण मात्र एका शब्दानं काही बोलली नाही. निदान चिडवायचं तरी! चिडवलं असतं तर भांडता आलं असतं. तिनं जिंकूनही काही न बोलणं मला सगळ्यांत जास्त झोंबलं.

पावसाळा सरल्यावर पुन्हा मोजू आणि मगच नाव पक्कं करू, असं बाई जाताना म्हणाल्या होत्या. मी मावसबहिणीच्या हातातली घागर हिसकावून घेतली.

"आजपासून पाणी मी भरणार."

"काहून वं? मले भरू दे ना, तुह्यानं नाही होणार."

"होते का नाही ते पाहू."

पहिल्या काही दिवसांत पोटऱ्या अशा दुखल्या की जिना उतरताना भिंत धरायची पाळी आली. तळहाताला फोड आले. भूक मात्र राक्षसी लागायला लागली. आई म्हणायची, हिला व्यायाम परवडतो, आम्हाला हिची भाकर परवडत नाही. दुपारी मी मागल्या अंगणात सुंभाची दोरी घेऊन उड्या मारायचे आणि वडिलांच्या टेबलावरचं घड्याळ घेऊन माझीच नाडी मोजायचे. सुरुवातीला काहीच फरक दिसेना. मग हळूहळू दिसायला लागला. जिना चढल्यावर छातीतली धडधड लवकर बसायची. सकाळी अंथरुणातच नाडी मोजली तर ठोके सावकाश पडायचे. माझं शरीर मला न विचारता शिकत होतं, आणि मला त्याचं फार कौतुक वाटायचं. मग मी मावसबहिणीचं झोपेत असलेलं मनगट धरायचे, आणि कौतुक तिथंच संपायचं. पाणी भरायचं तिनं बंद केलं होतं तरी तिची नाडी माझ्यापेक्षा कमीच. तिला ते फुकट मिळालं होतं, असं मला वाटायचं. उमरेडला लहानपणापासून तिनं किती पाणी वाहिलं असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही, आणि आलं असतं तरी मला फरक पडला नसता.

एक गोष्ट मात्र मीच शोधून काढली, बाईंनीही ती शिकवली नव्हती. मी एकटी असताना मोजलं की माझा आकडा खाली असायचा. मावसबहीण खोलीत आली, नुसती येऊन वेणी घालत बसली, तरी तो चढायचा. उड्या न मारता, जिना न चढता! किती वेळा पडताळून बघितलं, तेच. हेवा हाही एक व्यायामच, फक्त त्यानं काळीज तयार होत नाही.

दुसरी मोजणी झाली तेव्हा पटांगणाच्या कडेला गवत वाळायला लागलं होतं. बाकावरची चढ-उतार मी अगदी शांतपणे केली. थांबल्याबरोबरचा आकडा आम्हा दोघींचा सारखा आला. बाईंनी भुवया उंचावल्या. हवालदार म्हणाले, "शाब्बास!" आता फक्त विश्रांतीनंतरचा राहिला. आम्हाला समोरासमोर दोन खुर्च्यांवर बसवलं. डोळे मिट, असं मी स्वतःला बजावलं होतं. पण मला राहवलं नाही. मी तिच्याकडे बघितलं. ती पदरानं मान पुसत निवांत बसली होती आणि झाडावरच्या पोपटांकडे बघत होती. माझ्याकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं. त्याच क्षणी माझी नाडी बाईंच्या बोटाखाली उसळली. बाईंनी घड्याळ बघून आधी तिचा आकडा सांगितला, मग माझा. थोडक्यासाठी मी हरले. तिचं नाव पक्कं झालं.

मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही. ती बोलायची, मी हुं म्हणायचे. मग एक दिवस उमरेडहून तिचे वडील आले, आईशी माजघरात कुजबुजले आणि दुसऱ्या दिवशी सामान बांधायला सांगून गेले. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा तिकडचाच, घरची शेती, हातमागाचा धंदा. व्यायामशाळेचं त्यांनी हसण्यावारी नेलं.

तिनं ट्रंक भरली. कवायतीचे पांढरे कॅनव्हासचे बूट तेवढे बाहेर ठेवले आणि माझ्यापुढं सरकवले.

"हे तुले राहू दे. मले कायले लागून राहिले आता?"

ते मला एक बोट मोठे होते. पुढं कापूस कोंबून मी तेच घालून वऱ्हाडात गेले. कारण जागा मला मिळाली होती. तिची होती ती, आणि ती नाही म्हणून मला. परत येऊन मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी हवालदारांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. आनंद झाला, नाही असं नाही. पण उष्ट्या ताटावर बसल्यासारखं वाटायचं ते वाटतच राहिलं.

काही वर्षांनी ती इतवारीत लग्नाचा बस्ता बांधायला आली होती, नणंदेच्या मुलीसाठी. दुपारी मला भेटायला थेट शाळेच्या पटांगणावर आली. अंगानं सुटली होती, कडेवर लेकरू होतं, आणि फाटकापासून चालत येईपर्यंत तिला धाप लागली होती. मी तिचं मनगट धरलं. सवयच ती! नाडी पळत होती. इतकी वर्षं वाट बघितलेला आकडा माझ्या बोटाखाली होता, माझ्यापेक्षा कितीतरी मोठा. मी तो तिला सांगितलासुद्धा.

"जिंकली वं बाई तू," ती हसून म्हणाली. तिला खरंच काही वाटलं नाही. मग तिची नजर माझ्या गळ्यातल्या शिट्टीकडे गेली आणि तिथंच राहिली.

"एक डाव मले दे ना ते."

माझ्यामागं मुलींच्या रांगा वाकड्यातिकड्या झाल्या होत्या, कुजबुज चालली होती. मी दोनदा शिट्टी वाजवली होती तरी मागच्या रांगेत खिदळणं सुरूच होतं. रोजचंच ते. मी दोरी गळ्यातून काढून तिला दिली. तिनं लेकरू माझ्याकडे दिलं, पाय जुळवले, मान ताठ केली. घागरी घेऊन जिना चढायची तशी. आणि शिट्टी फुंकली.

पटांगण गप्प झालं. रांगा ओढल्यासारख्या सरळ झाल्या. मागची खिदळणारी पोरसुद्धा हनुवटी वर करून उभी होती. माझ्या शिट्टीवर त्या कधी अशा उभ्या राहिल्या नव्हत्या.

तिनं शिट्टी पदरानं पुसून माझ्या हातात दिली आणि लेकरू परत घेतलं. मी ती गळ्यात घातली, सावधान म्हणाले. मुली अजून तिच्याचकडे बघत होत्या.