तिरडीची टोपली

गेल्या दसऱ्याला तुमच्या दाराला लागलेला हार कुणाच्या हातचा होता, हे विचारलंत कधी?

एके काळी मखमलाबादच्या सरुबाईच्या हातचा नक्कीच नसता. सत्त्याण्णव साली कॅन्सरनं तिचा डावा स्तन गेला आणि तिच्या हातचे हार देवाला चालेनासे झाले. ठरवलं थोरल्या जावेनं, वत्सलाबाईनं. फुलमळ्याच्या पडवीत दोन टोपल्या असायच्या. एक देवाच्या हारांची, दुसरी तिरडीच्या.

"सरू, तुझे हार त्या टोपलीत टाक," वत्सलाबाई म्हणाली. "आधीच अंग खंडित, त्यात असला रोग. गिऱ्हाईकाला कळलं तर कोण घेईल?"

सरुबाई दातओठ खात मेलेल्यांचे हार ओवायची. मनात एकच. एक दिवस हिचाही हार मीच ओवीन.

दवाखान्यात उज्वला नावाची बाई दर गुरुवारी अशा बायकांना गोल करून बसवायची. "जिथं कापलंय तिथं हात ठेवा," ती म्हणायची, "आणि घाबरलेल्या लेकीशी बोलाल तसं बोला."

"माझ्या लेकीला मी आधी जावेच्या नावानं शिव्या शिकवीन," सरुबाई म्हणाली.

बायका खिदळल्या. उज्वलाही हसली. "मग शिव्यांपासून सुरू करा. हात मात्र काढू नका."

बरेच गुरुवार शिव्यांतच गेले. मग एकदा शिव्यांच्या मधेच सरुबाईच्या तोंडून निघालं, "लय सोसलंस गं बाई." हे आपण कुणाला म्हणालो, ते तिला घरी जाताना उमगलं. जीव हलका झाला. जावेवरचा राग मात्र तसूभर हलला नाही.

काही वर्षांनी, नवरात्राच्या घाईत, तिला एक दिसलं. वत्सलाबाई स्वतः ओवलेला झेंडूचा हार गुपचूप तिरडीच्या टोपलीत टाकत होती. दुसऱ्या दिवशीही तेच, काख दाबून धरलेली.

सरुबाईला सगळं कळलं. आधी काळीज थंड झालं, खोटं कशाला सांगू. मग वाटलं, ही अशी मुकाट्यानं मेली तर मी सूड घ्यायचा कुणावर?

"आक्का, गाठ हाय ना?"

"हळू बोल."

"इतकी वर्षं हळूच बोलले. चल."

गुरुवारी तिनं जावेला गोलात आणून बसवलं. वत्सलाबाईचा हात काही छातीकडे जाईना. सरुबाईनं तो धरला, छातीवर ठेवला, वर स्वतःचा दाबला.

"म्हण. मला म्हणालीस ते आता ह्या तुझ्या लेकीला म्हण. खंडित म्हण."

"नाय म्हणवत."

"का?"

"दुखतंय, सरू."

"मलाबी दुखत होतं."

उज्वला मधे पडायला उठली होती. ती परत बसली. सरुबाईनं हात काढला नव्हता.

ऑपरेशन झालं. सरुबाई खाटेपाशी बसायची, जावेची वेणी घालायची आणि प्रत्येक पेडागणिक एक टोमणा मारायची. माफ तिनं केलं नाही. पुढच्या दसऱ्याला तिनं जावेला दुकानावर शेजारी बसवलं, देवाच्या टोपलीपाशी. "दोघी ओवू. कुणाच्या हातचा म्हणून विचारलं तर सांगायचं तू. आपल्या दोघींचं काय कापलंय तेही."

वत्सलाबाईनं सांगितलं. एक बाई घेतलेला हार परत ठेवून गेली. वत्सलाबाईची मान खाली गेली.

"वर बघ," सरुबाई म्हणाली. "दुसरं गिऱ्हाईक आलंय. सांग."

तुमच्या घरात अशी कुणी असेल, जिच्या हातचं देवाला चालत नाही, तर तिला आजच देवाच्या टोपलीपाशी बसवा. ती शिव्या देईल. उठून जाऊ नका, ऐकून घ्या.