चिंचेखालची लुगडी

आमच्या गावाच्या फाट्यावर आता निळी पाटी लागली आहे. 'पक्ष्यांचे गाव', तेलुगूत आणि मराठीत. आदिलाबादहून तामसीकडे जाणाऱ्या बसमधून ती दिसली की माझं डोकं सणकतं. ओळखीच्या बाया विचारतात, "मॅडम, तोंड काऊन असं केलं?" मी शाळेत शिकवते. चारचौघांत शिव्या देणं बरं दिसत नाही, म्हणून गप्प बसते. इथं मात्र गप्प बसणार नाही.

आमचं गाव म्हणजे दोन गावं. देवळाभोवतीची वरची आळी, आणि नाल्यापलीकडची आमची बौद्धांची वस्ती. आमची आधीची पिढी वरच्या आळीच्या शेतांत राबली. आता आमच्यातले कितीतरी जण मास्तर नाहीतर कारकून आहेत, आणि हे वरच्यांच्या अजून घशाखाली उतरलेलं नाही. मला वाढवलं ती माझी आत्या मात्र वस्तीतच राहिली. तिच्या दारात दोन जुन्या चिंचा आहेत.

मी लहान होते तेव्हा करकोचे वरच्या आळीतल्या पिंपळावर घरटी करायचे. मोठे पांढुरके पक्षी, चोच मिटली तरी मधे फट राहते असे. पावसाळ्यात येतात, दिवाळीच्या सुमारास पिल्लं उडाली की जातात. त्यांची घाण होते, हे खरंच आहे. अंगणभर चुना सांडल्यासारखं होतं, वरून सडक्या गोगलगायींचा वास. एका वर्षी वरच्या आळीच्या नाकाला ते सोसेना. ऐन पिल्लांच्या दिवसांत त्यांनी पिंपळाखाली फटाक्यांच्या लडी लावल्या, डबे बडवले. पक्षी उठले ते उठलेच. पिल्लं घरट्यातच उपाशी मेली. त्या झाडावर आजतागायत एक करकोचा बसलेला नाही.

पुढच्या पावसाळ्यात ते आत्याच्या चिंचांवर आले. तेव्हा वरच्या आळीतला एक तरुण नाल्याच्या पुलावर उभा राहून हसत म्हणाला होता, "बरं झालं. घान घानीपाशी गेली." मी दप्तर घेऊन त्याच्या शेजारून चालले होते. तो आता आमचा सरपंच आहे.

आत्या पक्ष्यांवर प्रेमबिम करत नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे भाषणांत फार खोटं बोललं गेलं. ती रोज सकाळी खराटा घेऊन अंगणात उतरते आणि वर तोंड करून सुरू होते. "मेल्याहो, हागऱ्याहो, तुमच्या बापानं ठेवली काय मले झाडाले? मढं जावो तुमचं!" सारी वस्ती त्या आवाजानं उठायची. एकदा मी म्हटलं, "एवढा ताप होऊन राह्यला तर हाकलून दे ना." तिनं असे डोळे वटारले की मी दोन पावलं मागे सरले.

"आपल्याले लोकाइनं कमी हाकललं काय? आता आपुन बी तेच कराचं? अन एकदा उठले का हे परत येत नाईत. वरच्या आळीत पाह्यलं नाई काय तू?"

वाऱ्यावादळात पिल्लं खाली पडतात. खाली कडक जमीन आणि कुत्री. म्हणून आत्यानं एका वर्षी आपलं जुनं लुगडं चिंचेच्या बुंध्याला आणि मांडवाच्या खांबांना बांधून झोळी केली. पिल्लू पडलं की झोळीत. मग कोणीतरी ते टोपलीत घालून वर चढायचं आणि सापडेल त्या घरट्यात ठेवायचं. हळूहळू घराघरांतून लुगडी यायला लागली. चिंध्या नव्हेत हं. सुती, घट्ट विणीची, धुऊन धुऊन मऊ झालेली. घरातली म्हातारी गेली की तिचं एक लुगडं चिंचेखाली द्यायचं, असा आमच्यात रिवाजच पडला. माझ्या आजीचं हिरवं लुगडं तिथंच होतं. पिल्लांच्या दिवसांत वस्तीत बँड नाही, फटाका नाही. लग्नंसुद्धा आम्ही पुढे ढकलली. ह्या सगळ्याला ना अध्यक्ष होता, ना नाव.

नाव नव्हतं, तिथंच घात झाला. गेल्या वर्षी हैदराबादच्या कुठल्याशा संस्थेला निसर्ग सावरणाऱ्या गावगटांचा सत्कार करायचा होता. त्यांची एक मॅडम जीपमधून पाहणी करायला आली, फोटो काढून गेली. झालं! महिनाभरात वरच्या आळीत 'पक्षिमित्र मंडळ' जन्माला आलं. अध्यक्ष सरपंच. सभासद कोण, तर ज्यांच्या बापांनी डबे बडवले ते. आयत्या बिळावर नागोबा! मी त्या मॅडमला फोन करून सगळं सांगितलं. ती गोड आवाजात म्हणाली, "देखिए मॅडम, सन्मान तो पूरे गाँव का है." मी फोन ठेवून दिला.

मग सरपंच आत्याच्या अंगणात आला. आयुष्यात पहिल्यांदा. नाकाला रुमाल.

"आत्याबाई, कार्यक्रम चिंचेखालीच ठेवू. तुमाले बी शाल देतो."

"शाल घाल चुलीत. पिल्लं अजून उडाले नाईत. शाळेत करा काय कराचं ते."

पाहुण्यांना फोटोत पक्षी पाहिजेत, म्हणाला. हो-ना करता करता आत्यानं अट घातली. फटाका नाही, वाजंत्री नाही, आणि लुगड्यांना हात लावायचा नाही. "शब्द म्हंजे शब्द," तो म्हणाला. मी तिथंच पाटावर बसले होते, माझ्या कानांनी ऐकलं.

कार्यक्रमाच्या सकाळी वस्तीतल्या सगळ्या बायांना मंडळवाल्यांनी शाळेत बोलावून घेतलं. तिथं पाहुण्यांचा चहा आहे, म्हणाले. पाहुणे आलेच नाहीत, आणि चहाही नाही. नुसत्या बसून राहिलो. परत आलो तर अंगण ओळखू येईना. चिंचांच्या बुंध्यांना चुना-गेरूचे पट्टे, खाली छोटं स्टेज, सतरंजी, प्लास्टिकच्या खुर्च्या, मोठा बॅनर. आणि लुगडी गायब. एक नाही राहिलं.

आत्यानं मंडळातल्या एकाचा दंडच धरला. "कुठी हायेत?"

"अवो, पाहुन्यासमोर लक्तरं काय लटकवाचे? बरं दिसते काय? थे तिकडं नाल्यात टाकले."

माझ्या मेलेल्या आजीचं लुगडं नाल्यात. आमच्या सगळ्यांच्या म्हाताऱ्या नाल्यात. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही, पण एकही शब्द मागे घेत नाही. आत्या नाल्याकडे वळली, तेवढ्यात पाहुण्यांची गाडी पुलावर आली आणि ह्या नालायकांनी स्वागताची लड लावली. सोबत डफ.

झाडं उठली, असंच वाटलं. सगळे करकोचे एकदम हवेत, पंखांचा नुसता फडफडाट, आणि त्या झोंबाझोंबीत घरट्यांतून पिल्लं खाली. एक खुर्चीवर आपटलं. एक सतरंजीवर पडून मान वेडीवाकडी करत राहिलं. पाहुणे वर बघून टाळ्या वाजवत होते. त्यांच्यातला एक तर माइकवर म्हणाला की पक्ष्यांनीसुद्धा आपलं स्वागत केलं. एका बाईनं पिल्लू पदरात गुंडाळलं, तर तिलाच खाली बसायला सांगितलं.

मानपत्र सरपंचानं घेतलं. मग आत्याला आणि आमच्या चार बायांना पुढे बोलावून हातात नारळ दिला, खांद्यावर शाली टाकल्या. वक्ते बुद्धाच्या करुणेवर बोलायला लागले. आमच्याच अंगणात, आम्हाला! आत्यानं नारळ टेबलावर ठेवला, पायऱ्या उतरली, बायांच्या खांद्यावरच्या शाली ओढून घेतल्या आणि भर भाषणात चिंचेला बांधायला लागली. मी दुसरं टोक धरलं. फोटोवाले धावत आले. पेपरात तोच फोटो आला, खाली मंडळाचं नाव.

आणि शाल तरी कसली! चकचकीत, सळसळीत, पोरांच्या गॅदरिंगला भाड्यानं आणतात तसली. दुसऱ्या दिवशी एक पिल्लू पडलं ते शाल फाडून थेट जमिनीवर. आत्यानं ते मेलेलं पिल्लू उचललं, फाटक्या शालीत बोट घातलं आणि म्हणाली, "मानाची चादर एक पाखरू पेलत नाई, बाई." तोवर आम्ही नाल्यातून सापडली तेवढी लुगडी काढून धुऊन वाळत घातली होती. आजीचं हिरवं सापडलं नाही.

सरपंच आला, तोंड वाकडं करून. सन्मानाची शाल अशी हागवणीत लोंबकळत ठेवणं म्हणजे गावाची बेअब्रू आहे, म्हणाला. आत्यानं शालीची गाठ सोडली आणि ती त्याच्यापुढे धरली. "घे. धू, अन तूच पांघर. तुले लय शोभन." त्यानं घेतली नाही. रुमाल नाकाला लावून पूल ओलांडून गेला.

पिल्लांपायी काही करकोचे परतले होते, म्हणून त्या वर्षी थोडी तरी पिल्लं उडाली. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर आत्यानं सगळी लुगडी बांधली, पहिल्यापेक्षा घट्ट. मी माझी एक सुती साडी दिली. तलावावर दोन-चार करकोचे दिसले, म्हणे. कोणी म्हणतं बाकीचे बेज्जूरच्या जंगलाकडे गेले, कोणी काय. पाटी वाचून आदिलाबादची माणसं मोटरसायकलवर येतात, वर बघतात आणि आत्यालाच विचारतात, "अम्मा, पक्षी किधर है?"

परवा मी सकाळच्या बसनं गेले. वस्ती अजून झोपेतच होती. लुगडी कोरडी ठणठणीत, वाऱ्यावर फुगत होती. अंगणात घाणीचा एक थेंब नव्हता. आत्या खराटा धरून चिंचेखाली उभी होती, वर बघत, आणि तिनं शिव्या द्याव्यात असं झाडावर कोणीच नव्हतं.