खजुरीतला सत्कार

परवा आळंदच्या बाजारात केवड्याच्या अत्तराचा वास आला आणि तो नामांकित गायक आठवला. असंच अत्तर फासून तो आपल्या गावात, खजुरीत, तीन दिवस गायला आला होता. मैदान रोज भरायचं. शेवटी सत्काराला उत्तर देताना म्हणाला, "या गावात मला शिकवणारं कुणीच नव्हतं."

सात वर्षं घरी ठेवून त्याला गाणं शिकवणाऱ्या शांताक्का पहिल्याच रांगेत होत्या. तरी आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आज त्याच्याहून मला त्या टाळ्यांचीच जास्त किळस येते.

मी कुजबुजलो, "अक्का, गप कामून बसलात? सांगा की."

"न्हाई रे. सूर अजून कच्चाच हाय त्याचा," त्या म्हणाल्या. "मी शिकवलं म्हणायची मलाच लाज वाटायलीय."